बाहीवरील पट्टीचा अर्थ

राष्ट्रीय छात्रसेनेंत दाखल झालेला एखादा विद्यार्थी वर्षभरानें बाहीवर एक पट्टी लावून घरीं येतो, तेव्हां घरांतील वडीलधारीं माणसें प्रथम विचारतात, ‘तुला काय मिळालें?’ परीक्षेंतील गुण, स्पर्धेंतील ढाल, निबंधाचें बक्षीस यांची संवय झालेल्या सुशिक्षित घरांत हा प्रश्न स्वाभाविकच आहे. परंतु त्या पट्टीच्या बाबतींत तो गैरलागू ठरतो. लष्करी परंपरेंत पट्टी म्हणजे मिळालेल्या वस्तूची पावती नव्हे. ती सोंपविलेल्या माणसांची खूण होय. ‘तुझ्या स्वाधीन किती जण केले आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुला कोणास उत्तर द्यावें लागतें?’ असें विचारलें, तरच त्या बढतीचा अर्थ उलगडूं लागतो. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांतून दरवर्षीं कितीतरी मुलें-मुली हा खाकी गणवेश चढवितात. त्यांच्या पालकांपैकीं पुष्कळांस छात्रसेनेंतील पदें, त्यांचा क्रम आणि त्यांचा उपयोग यांची स्पष्ट कल्पना नसते; आणि ती नसल्यामुळें कधीं अवास्तव आशा, तर कधीं अकारण निराशा पदरीं येते.

ह्या संस्थेचा जन्म देशाच्या स्वातंत्र्याला लागूनच झाला. विद्यार्थ्यांस लष्करी शिक्षण देण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ सालीं, विद्यापीठांतून विद्यार्थ्यांच्या तुकड्या उभारण्यास आरंभ झाला. १९२० नंतर त्यांस ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ हें नांव मिळालें. ह्या तुकड्यांची पोंच मोठ्या विद्यापीठांपुरती होती. १९४६ सालीं पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली, आणि तिच्या शिफारशींवरून एप्रिल १९४८ मध्यें राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. छात्रसेनेचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे होते. हेच पुढें १९७३ सालीं भारताचे भूदलप्रमुख झाले. १९४९ मध्यें मुलींचा विभाग निघाला, १९५० मध्यें हवाई शाखेची आणि १९५२ मध्यें नाविक शाखेची भर पडली. आरंभीं २० हजारांच्या घरांत असलेली छात्रसैनिकांची संख्या आज सतरा लाखांच्या वर गेली आहे. कायद्यांतील एक गोष्ट पालकांनीं आवर्जून ध्यानांत ठेवण्याजोगी आहे; ती ही कीं, छात्रसेनेंत नांव नोंदविल्यानें प्रत्यक्ष युद्धसेवेचें कोणतेंहि बंधन विद्यार्थ्यावर येत नाहीं.

कायदा झाला त्या वेळीं नांदेड आणि लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं पोलीस-कारवाईनें त्या राजवटीचा शेवट झाला. तत्पूर्वींच्या वर्षा-दीड वर्षांत ह्या भागांतील खेड्यांनीं गणवेश घातलेले तरुण पाहिले होते. परंतु ते रझाकार होते, आणि त्यांची चाहूल लागतांच लोक दारें लावून घेत. गणवेश आणि हुद्दा हीं दोन्ही भयाचीं चिन्हें झालीं होतीं. अशा प्रदेशांतील मुलांनीं पुढें कायद्याच्या चौकटींत, स्वतःच्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं आणि कोणावरहि जरब न बसवितां गणवेश घालावा, ह्या घटनेचें मोल इतर प्रांतांतील माणसास सहजासहजीं कळणार नाहीं. नांदेडचें पहिलें महाविद्यालय, पीपल्स कॉलेज, १९५० सालीं निघालें. लातूरचें दयानंद महाविद्यालय १९६१ सालचें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें. चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ सालीं, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस छात्रसेना सक्तीची करण्यांत आली. १९६८ मध्यें ती पुन्हां ऐच्छिक झाली. म्हणजे आज जो विद्यार्थी कवाईतीच्या मैदानावर उभा राहतो, तो आपल्या इच्छेनें राहतो. बढतीचा विचार करतांना ही ऐच्छिकता विसरून चालणार नाहीं. कारण ज्यांच्यावर हुकूम चालवावयाचा तेहि स्वेच्छेनेंच आलेले असतात, आणि कंटाळले तर येण्याचें सोडूनहि देऊं शकतात.

संस्थेची रचना समजून घेतल्यावांचून पदांचा क्रम समजणार नाहीं. विद्यार्थ्यांपुरते तिचे दोन थर आहेत. शाळेंतील मुलांचा ज्युनियर विभाग. त्यांत साधारणतः तेराव्या वर्षापासून प्रवेश मिळतो व शिक्षण दोन वर्षें चालतें. महाविद्यालयांतील मुलांचा सीनियर विभाग. त्याचा काळ तीन वर्षांचा असून वयाची कमाल मर्यादा २६ वर्षांची आहे. मुलींच्या विभागांस ‘विंग’ म्हणतात. परंतु त्यांचीं पदें आणि परीक्षा मुलांसारख्याच आहेत. एका महाविद्यालयांतील छात्रसैनिकांची मिळून एक कंपनी होते, कंपनीचे भाग म्हणजे प्लाटून, आणि प्लाटूनचे भाग म्हणजे सेक्शन. सेक्शन हा सर्वांत लहान घटक. त्यांत सुमारें दहा जण असतात. अनेक शाळा-महाविद्यालयांच्या कंपन्या आणि तुकड्या एका बटालियनखालीं येतात. नांदेड येथें ५२ महाराष्ट्र बटालियनचें, तर लातूर येथें ५३ महाराष्ट्र बटालियनचें ठाणें आहे. ह्या दोहोंच्या वर छत्रपति संभाजीनगर येथील ग्रूप मुख्यालय, त्याच्या वर राज्याचें संचालनालय आणि सर्वांच्या वर दिल्लीचें महासंचालनालय, अशी ही उतरंड आहे. बटालियनचा प्रमुख सैन्यांतील अधिकारी असतो. त्याच्या हाताखालीं सैन्यांतूनच आलेले हवालदार, नायब सुभेदार यांसारखे अनुभवी शिक्षक असतात. विद्यार्थी त्यांस आदरानें ‘उस्ताद’ म्हणून संबोधितात.

आतां प्रत्यक्ष पदांकडे वळूं या. भूदलाच्या शाखेंत नवा विद्यार्थी नुसता ‘कॅडेट’ म्हणजे छात्रसैनिक असतो. त्याच्या वर क्रमानें लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट, कंपनी क्वार्टरमास्टर सार्जंट, कंपनी सार्जंट मेजर, अंडर ऑफिसर आणि सीनियर अंडर ऑफिसर हीं पदें येतात. शेवटचीं दोन पदें सीनियर विभागांतच आहेत. शाळेंतील मुलाची चढण सार्जंट मेजरपाशीं थांबते. लान्स कॉर्पोरलच्या बाहीवर एक पट्टी, कॉर्पोरलच्या दोन आणि सार्जंटच्या तीन. अंडर ऑफिसरची खूण बाहीवरून खांद्यावर जाते.

हीं नांवें इंग्रजी वळणाचीं असल्यामुळें परकीं वाटतात. परंतु त्यांमागील रचना मराठी माणसास अनोळखी नाहीं. भारतीय भूदलांत कॉर्पोरलच्या जागीं ‘नाईक’ आणि सार्जंटच्या जागीं ‘हवालदार’ हेच शब्द आजहि चालतात. लान्स कॉर्पोरल म्हणजे लान्स नाईक. शिवछत्रपतींच्या पायदळाची जी व्यवस्था सभासदानें आपल्या बखरींत नमूद केली आहे, तींत दर नऊ-दहा पायकांवर एक नाईक, पांच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी असा क्रम आहे. दहा माणसांची मोट एका माणसानें बांधावी, हें गणित त्या काळचें आणि आजच्या सेक्शनचें एकच आहे. एका मनुष्यास रोज नांवानें ओळखतां येतील, ज्यांचा चेहरा पाहून आजार वा उदासी ताडतां येईल, अशा माणसांची संख्या दहा-बाराच्या पलीकडे फारशी जात नाहीं. म्हणून जगांतील बहुतेक सैन्यांनीं आपला पहिला घटक तेवढाच ठेविला आहे.

शब्दांच्या पोटांतहि पुष्कळ अर्थ सांठलेला असतो. हवालदार म्हणजे ज्याच्या हवालीं कांहीं केलें आहे तो. ‘सार्जंट’ ह्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘सेवा करणारा’ असा होतो. एका भाषेनें त्या पदांत सोंपवणूक पाहिली, दुसरीनें सेवा पाहिली. हुकूमत मात्र दोहोंपैकीं कोणत्याहि शब्दाच्या मुळाशीं नाहीं. बढतीची सारी पद्धति ह्या दोन अर्थांभोंवतीं उभी आहे.

प्रत्येक पदाचें काम पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. कॉर्पोरलकडे सेक्शन असतो. कवाईतीच्या दिवशीं आपले दहा जण आले कीं नाहींत, न आलेल्याचें कारण काय, कोणाच्या बुटाची नाडी सुटली आहे, कोण उपाशी पोटीं उन्हांत उभा आहे, हें त्यानें पाहावयाचें. लान्स कॉर्पोरल त्याचा मदतनीस. कॉर्पोरल नसेल त्या दिवशीं तो सेक्शन सांभाळतो. सार्जंट प्लाटूनची हजेरी घेतो, रांगा लावतो, आणि कॉर्पोरलांकडून आलेली माहिती वर पोंचवितो. क्वार्टरमास्टर सार्जंटकडे कोठार असतें. पट्टे, टोप्या, कवाईतीच्या बंदुका यांची नोंद, देणें-घेणें आणि कवाईतीनंतरच्या अल्पोपाहाराचें वाटप हीं त्याचीं कामें. हें पद दिसावयास अगदीं साधें. परंतु दीडशे विद्यार्थ्यांत एकाहि पुडक्याचा हिशेब न चुकविणें ही लहान गोष्ट नव्हे. सार्जंट मेजर कंपनीच्या शिस्तीचा रखवालदार. अंडर ऑफिसर प्लाटूनचें नेतृत्व करितो. आणि सीनियर अंडर ऑफिसर हा साऱ्या कंपनीचा विद्यार्थी-प्रमुख, शिक्षक-अधिकाऱ्याचा उजवा हात आणि विद्यार्थ्यांचा मुखत्यार असतो. नाविक आणि हवाई शाखांत पदांचीं नांवें निराळीं आहेत: नाविक शाखेंत लीडिंग कॅडेट, पेटी ऑफिसर, कॅडेट कॅप्टन, तर हवाई शाखेंत लीडिंग फ्लाइट कॅडेट, वॉरंट ऑफिसर, अशीं. कामाचें तत्त्व मात्र एकच आहे.

हीं पदें मिळतात कशीं? प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेंतील परीक्षेंत शंभरांतील शंभर मुलें उत्तीर्ण होऊं शकतात. छात्रसेनेंत शंभर मुलांस पदें मिळूं शकत नाहींत. पदांची संख्या कंपनीच्या आकारावरून ठरलेली असते. दहांवर एक कॉर्पोरल, प्लाटूनवर एक-दोन सार्जंट, कंपनीवर एक सार्जंट मेजर, एक क्वार्टरमास्टर आणि सर्वांत वर एक सीनियर अंडर ऑफिसर, असें सामान्यतः प्रमाण पडतें. जागा रिकामी झाल्यावांचून बढती नाहीं. आणि जागा बहुधा वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिक्षण संपवून गेल्यावरच रिकामी होते. त्यामुळें निम्म्याहून पुष्कळ अधिक विद्यार्थी तीन वर्षें मन लावून काम करूनहि नुसते छात्रसैनिक म्हणूनच बाहेर पडतात. हें त्यांचें अपयश नव्हे. तें साधें अंकगणित आहे.

निवड करितांना पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी सर्वत्र साधारणतः सारख्याच असतात. पहिली हजेरी. प्रमाणपत्राच्या परीक्षेस बसण्यासाठींच वर्षांतील किमान ७५ टक्के कवाईतींस हजर राहावें लागतें; पदाची अपेक्षा धरणाऱ्याकडून याहून अधिकाची अपेक्षा असते. दुसरी शिबिरें. बटालियनचें वार्षिक शिबिर दहा दिवसांचें असतें. तेथें पहाटेपासून रात्रीपर्यंत विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेसमोर असतो, आणि मैदानावर तासभर टापटीप दाखविणारा मुलगा चौथ्या दिवशीं चिखलांत तंबूची दोरी ओढतांना कसा वागतो, हें तेथेंच कळतें. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष आज्ञा देण्याची. उमेदवारास एका तुकडीसमोर उभें करून ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’, ‘तेज चल’, ‘थम’ हे हुकूम द्यावयास लावितात. हुकूम हिंदींत असतात. नवख्यास वाटतें कीं मोठा आवाज म्हणजे चांगला हुकूम. परंतु ‘थम’ हा शब्द योग्य पाऊल जमिनीवर पडतांना उच्चारला नाहीं, तर पुढची रांग थांबते व मागची तिच्यावर आदळते. म्हणजे हुकूम देणाऱ्याचें लक्ष स्वतःच्या आवाजाकडे असून भागत नाहीं. तें दुसऱ्यांच्या पायांकडे असावें लागतें. ह्या तीन गोष्टींच्या जोडीला नकाशावाचन, प्रथमोपचार, .२२ बंदुकीचा नेम, समाजसेवेंतील सहभाग आणि तोंडी प्रश्न यांचा विचार होतो. महाविद्यालयांतील शिक्षक-अधिकारी शिफारस करितो आणि बटालियनचा प्रमुख तिला मान्यता देतो. दिलेलें पद गैरवर्तनाबद्दल किंवा सततच्या गैरहजेरीबद्दल काढूनहि घेतां येतें.

शिफारस करणारा हा शिक्षक-अधिकारी स्वतःहि एका शिडीवर उभा असतो. तो मूळचा त्याच महाविद्यालयांतील प्राध्यापक वा शाळेंतील शिक्षक. पुरुष शिक्षकांचें प्रशिक्षण नागपूरजवळ कामठी येथील अकादमींत, तर स्त्री-शिक्षकांचें ग्वाल्हेर येथील अकादमींत होतें. तेथून परतल्यावर महाविद्यालयाच्या शिक्षकास लेफ्टनंट आणि पुढें कॅप्टन, मेजर हे हुद्दे मिळतात. शाळेंतील शिक्षकास थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर व चीफ ऑफिसर. सकाळीं इतिहास वा रसायनशास्त्र शिकविणारा मनुष्य दुपारीं गणवेशांत त्याच मुलांसमोर उभा राहतो, ह्यांत ह्या संस्थेचें एक वैशिष्ट्य आहे. त्यास विद्यार्थ्याचे गुण ठाऊक असतात, घरची स्थिति ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याची शिफारस वजनदार तशीच नाजूकहि असते.

येथें तीन निरनिराळ्या शिड्यांचा घोटाळा घरोघर होतो, तो दूर केला पाहिजे. पद ही पहिली शिडी. ती महाविद्यालयाच्या कंपनीपुरती असते आणि विद्यार्थी बाहेर पडतांच संपते. प्रमाणपत्र ही दुसरी शिडी. ज्युनियर विभागाच्या अखेरीस ‘ए’, सीनियर विभागाच्या दुसऱ्या वर्षीं ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षीं ‘सी’, अशीं तीन प्रमाणपत्रें आहेत. त्यांची परीक्षा लेखी व प्रात्यक्षिक असते, तींत श्रेणी मिळते, आणि तिला जागांची मर्यादा नाहीं. नोकरीच्या दृष्टीनें पुढें उपयोगी पडतें तें हें प्रमाणपत्र. सैनिकभरतींत त्याबद्दल जादा गुण मिळतात, आणि किमान ‘बी’ श्रेणीचें ‘सी’ प्रमाणपत्र असून पदवींत निदान ५० टक्के गुण असतील, तर लष्करांतील अधिकारीपदाच्या एका खास प्रवेशांत लेखी परीक्षा न देतां थेट निवड मंडळापुढें जातां येतें. तिसरी शिडी प्रत्यक्ष सैन्याची. सीनियर अंडर ऑफिसर राहिलेला विद्यार्थी सैन्यांत गेला, तरी तेथें त्याची सुरुवात पहिल्या पायरीपासूनच होते. महाविद्यालयांतील पट्ट्या तेथें चालत नाहींत. म्हणून नुसता छात्रसैनिक राहून उत्तम श्रेणीनें ‘सी’ उत्तीर्ण झालेली मुलगी आणि खांद्यावर पट्टी लावून परीक्षेंत मागें पडलेला मुलगा यांची तुलना केली, तर भविष्याच्या बाजारांत पहिलीचें पारडें जड आहे. पालकांनीं पदासाठीं मुलांस टोंचणी लावण्यापूर्वीं हा भेद समजून घ्यावा.

मग पदाचा उपयोग काय, असा प्रश्न सहजच उभा राहतो; आणि लातुरांत तो अधिक तीव्रतेनें विचारला जातो. परीक्षेंतील यशासाठीं ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. दूरदूरच्या गांवांहून मुलें येथें शिकवणीसाठीं येऊन खोल्या घेऊन राहतात. घड्याळाचा प्रत्येक तास कोणत्या विषयास द्यावयाचा, हें ठरलेलें असतें. अशा शहरांत आठवड्यांतील कांहीं तास मैदानावर घालविणें हा कित्येकांस अपव्यय वाटतो. हा आक्षेप हंसून टाळण्याजोगा नाहीं. एका गुणानें प्रवेश हुकतो, हें सत्य आहे. आणि ज्या घरानें जमिनीचा तुकडा गहाण टाकून मुलास शिकावयास पाठविलें, त्या घरास तासांचा हिशेब करण्याचा पूर्ण अधिकार आहे.

परंतु त्या हिशेबांत एक रकमेची नोंद राहून जाते. परीक्षेंतील यश ज्याचें त्याचें असतें. शेजारच्या बांकावरचा मुलगा मागें पडला म्हणून कोणाचा गुण कमी होत नाहीं. उलट स्पर्धेंत तो मागें पडला तर इतरांस बरेंच वाटण्याचा संभव. कॉर्पोरलची स्थिति नेमकी उलट आहे. त्याचा सेक्शन संचलनांत चुकला, तर तो स्वतः कितीहि नेटका चालला तरी त्याचें काम बिघडलें असेंच मोजलें जातें. दहा जणांतील सर्वांत कच्च्या मुलास पाऊल जुळवावयास शिकविणें, हाच त्याच्या यशाचा मार्ग उरतो. सोळा ते वीस वर्षांच्या वयांत दुसऱ्याच्या कमकुवतपणाची जबाबदारी आपल्यावर घेण्याचा हा अनुभव वर्गांत कोठेंहि मिळत नाहीं, आणि पुढें डॉक्टर, इंजिनियर वा तहसीलदार झाल्यावर त्याचीच पदोपदीं गरज लागते. रुग्णालयांतील परिचारिका किंवा कार्यालयांतील शिपाई आपल्या अधिकाऱ्याविषयीं जें मत बनवितात, तें त्याच्या गुणपत्रिकेवरून नव्हे.

बढतीच्या पद्धतींत अन्यायाला वाव आहे, हेंहि लपवूं नये. सर्वांत मोठा अडथळा कित्येकदां एस्. टी.च्या वेळापत्रकाचा असतो. मुखेड, अहमदपूर वा औसा ह्यांच्या आसपासच्या खेड्यांतून रोज ये-जा करणाऱ्या मुलीची शेवटची गाडी सुटत असेल आणि कवाईत लांबली असेल, तर तिला रांग सोडून निघावें लागतें. महिन्याअखेर हजेरींत ती मागें पडते आणि ‘उत्साह कमी’ असा शेरा तिच्या वांट्याला येतो. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागांतून आलेल्या मुलास हिंदी हुकूम प्रथम जड जातात. शहरांतील चुणचुणीत मुलापुढें तो बुजतो. निवड करणाऱ्यानें जर तोंडच्या सफाईवरच नजर ठेविली, तर ओझें उचलण्यास सर्वांआधीं पुढें होणारा मुलगा मागेंच राहतो. म्हणून जाणते शिक्षक-अधिकारी कवाईतीची वेळ गाड्यांच्या वेळेशीं जुळवून घेतात, शिबिरांतील वागणुकीस अधिक वजन देतात, आणि निवडीचे निकष वर्षाच्या आरंभींच सर्वांसमोर वाचून दाखवितात. निकष आधीं सांगितले असले म्हणजे निवड न झालेल्यास दुःख होतें. पण आपल्यावर अन्याय झाला अशी टोंचणी त्याला लागत नाहीं. ह्या दोहोंतील अंतर मोठें आहे.

पद मिळालेल्याचेंहि एक दुःख असतें, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. कालपर्यंत ज्यांच्या खांद्यावर हात टाकून कँटीनमध्यें बसावयाचें, त्यांची आज रांगेंत हजेरी घ्यावयाची. जवळचा मित्र उशिरां आला, तर त्याचें नांव टिपावयाचें कीं नाहीं? टिपलें तर मैत्री दुखावते. न टिपलें तर उरलेल्या नऊ जणांचा विश्वास जातो. नव्या कॉर्पोरलांपैकीं कांहीं ह्या पेंचांतून सुटण्यासाठीं अकारण कठोर होतात, कांहीं अगदींच सैल राहतात. अधिकार गाजविण्याचा मोह पडणाऱ्यास एक साधा नियम जमिनीवर ठेवितो: सलामी घेण्याचा मान कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याचा; विद्यार्थ्यांतील सर्वांत वरच्या पदासहि तो नाहीं. सीनियर अंडर ऑफिसर शेवटीं विद्यार्थ्यांपैकींच एक विद्यार्थी असतो. त्याचा अधिकार उसना आहे आणि वर्षाअखेर तो परत करावयाचा आहे. शिबिरांतील एक जुना प्रघात हीच गोष्ट न बोलतां शिकवितो: सेक्शनमधील शेवटच्या मुलाच्या ताटांत जेवण पडल्यावांचून कॉर्पोरल आपलें ताट घेत नाहीं.

जिल्ह्यांतील निवडक मुलें-मुली दरवर्षीं जानेवारींत दिल्लीच्या प्रजासत्ताक-दिन शिबिरास जातात. तेथें निवड होण्यासाठीं बटालियन, ग्रूप आणि राज्य अशा तिन्ही पातळ्यांवर चाळणी लागते. महाराष्ट्राच्या तुकडीनें तेथील सर्वोत्कृष्ट संचालनालयाचा मान अनेकदां मिळविला आहे. वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात तीं ह्याच थोड्यांचीं. परंतु छात्रसेनेचें खरें काम वर्षभर नांदेड-लातूरच्या मैदानांवर, मार्चच्या उन्हांत आणि जुलैच्या चिखलांत, नांव न छापल्या जाणाऱ्या मुलांकडून होत असतें. २०२० च्या साथींत देशभरांतील सीनियर विभागाच्या छात्रसैनिकांस स्वेच्छेनें मदतकार्यांत भाग घेण्याची मुभा देण्यांत आली. अन्नाच्या पाकिटांच्या वाटपाच्या रांगेंत माणसें अंतर राखून उभीं करावयाचीं असतात, तेव्हां छात्रसैनिकाच्या बाहीवर किती पट्ट्या आहेत हें कोणी विचारीत नाहीं. दहा माणसें शांतपणें उभीं करण्याची कला त्याला येते कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जातें.

यापुढें एखाद्या घरांत बाहीवर नवी पट्टी आली, तर वडीलधाऱ्यांनीं कौतुक अवश्य करावें. मात्र त्याबरोबरच त्या मुलाच्या हवालीं केलेल्या दहा जणांचीं नांवें त्यास विचारावीं. तो तीं न अडखळतां सांगूं शकला, त्यांतील कोण कोणत्या गांवाहून येतो, कोणाला उन्हाचा त्रास होतो, कोण गेल्या दोन कवाईतींस आला नाहीं आणि कां आला नाहीं, हें त्यास ठाऊक असलें, तर बढती योग्य माणसास मिळाली असें खुशाल समजावें. आणि पट्टी न मिळालेलें मूल निराश होऊन घरीं आलें, तर त्यासहि हाच प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं. आपल्या रांगेंतील दहा जणांची काळजी घेण्यास पट्टीची परवानगी लागत नाहीं. आणि जो ती विनापट्टी घेऊं लागला आहे, त्याच्याकडे पुढच्या निवडीच्या वेळीं शिक्षकाची नजर बहुधा आपणहून जाते.